आईचे दात

४ फेब्रुवारी

दादा,

मायना एवढाच. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुला टोमणा वाटेल, आणि 'प्रिय' आपल्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. फाडायचं असेल तर वाचून फाड. काम आईचं आहे.

गेल्या आठवड्याच्या पेपरात माझा फोटो आलाय. वहिनी म्हणाली, आईनं तो कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मथळा होता, 'सांधेदुखीचं मूळ हिरड्यांत!' दादा, तो मथळा माझा नाही. त्या पत्रकार मुलीला मी बसवून सगळं नीट सांगितलं होतं. तिनं लिहूनही घेतलं. पण आमचे सर शेजारी बसले होते, आणि सर जे बोलतात ते छापायला सोपं असतं. मी दुरुस्ती पाठवली. ती आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या खाली आली.

आम्ही काय शोधलंय ते तुला सांगते, कारण आईला तू समजावू शकतोस. माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. बहुतेक बिचारे गुण्यागोविंदानं राहतात, उलट बाहेरच्या वाईट जंतूंना शिरू देत नाहीत. हिरड्या सुजल्या की त्यांची घडी बिघडते आणि काही भलतेच माजतात. आईसारखा आमवात असलेल्यांच्या हिरड्यांत त्यातला एक आम्हाला जास्त सापडला. तो शरीरातली प्रथिनं जराशी बदलतो, आणि मग शरीराला आपलंच घरचं परकं वाटू लागतं. आमचा अंदाज असा. पण त्यानं आजार होतो, की आजारानं बोटं वाकतात, ब्रश नीट धरता येत नाही आणि म्हणून तो वाढतो, हे आम्हाला ठाऊक नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडलीय का, एवढंच शोधण्यात माझी उमेदीची वर्षं चालली आहेत.

आणि आई म्हणतेय, सगळे दात काढून टाकायचे! कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तिला परत पाठवलं ते फार बरं झालं. "हिरड्या साफ करून देतो, आजी, दात कशाला काढता," असं ते म्हणाले, आणि ते बरोबर म्हणाले. हिरड्या साफ करून घ्या. सांध्याच्या गोळ्या चालू ठेवा. दात काढू देऊ नकोस.

बाबा गेले त्या आठवड्यात तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "तुला आई नकोय, नमुना हवाय." मी आईला उपचारासाठी माझ्याकडे नेते म्हणाले होते, आणि त्याच महिन्यात तिच्या लाळेचा नमुना मागितला होता, म्हणून. त्यावर मी आज काही लिहीत नाही. तेवढं दात काढू देऊ नकोस.

शहाणी

१९ फेब्रुवारी

दादा,

माझं पत्र तुझ्या दुकानात पोचलं त्याच्या आदल्या दिवशी पहिले दात निघाले होते. हे वहिनीनं सांगितलं. "ताई, रागावू नका. हेच घेऊन गेले आईंना."

हेच म्हणजे तू.

मला वाटलं होतं, आईच हट्टानं कुणा शेजारणीला घेऊन गेली असेल. तू दुकान बंद ठेवलंस, पुलापलीकडचा दवाखाना शोधलास, आणि तिथल्या त्या तरुण डॉक्टरसमोर पेपरचं कात्रण ठेवलंस. "माझ्या बहिणीचं संशोधन आहे," म्हणालास. वहिनी म्हणते, छाती पुढे काढून म्हणालास. मी हे वाक्य किती वेळा मनात म्हणून पाहिलं, तुझ्या आवाजात बसेना.

तुझ्याकडे कुणी जळालेली मोटार आणली की तू काय म्हणतोस? "उघडून बघितल्याशिवाय बोलणार नाही." वाइंडिंग बदलायचं की नुसतं वंगण द्यायचं, ते तू गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून ठरवतोस का? मग आईच्या तोंडाला हात लावायच्या आधी मला एक फोन का नाही केलास? मी नुसती पेपरात छापायची बहीण आहे का?

मी रागावलेली नाही. काल प्रयोगशाळेत हातातून नमुन्यांचा ट्रे पडला, तो ओला होता म्हणून पडला.

पुढच्या बैठकीत खालचे दात काढणार म्हणे. वरचे गेलेत, तर निदान खालचे राहू द्या. दात उपटताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना तासाभरात हुसकून लावतं. पण आईच्या सांध्याच्या गोळ्या तिची प्रतिकारशक्तीच कमी करतात. त्या डॉक्टरला हे सांगितलंत का? वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "कात्रण वाचून ते इतके खूश झाले की बाकी काही विचारलंच नाही."

संध्याकाळी आई फोनवर आली. बोबडं बोलत होती आणि हसत होती. "शहाणे, ऐक, मी आता तुझ्यासारखी बोलते. तू तीन वर्षांची होतीस ना, तशी!" सगळं मिक्सरमधून काढून खाते म्हणाली. मी म्हटलं, आई, दुखतंय का? तर म्हणते, "दुखणं काय मला नवीन आहे? हे निदान संपणारं आहे."

तिच्याशी मी भांडू शकत नाही. म्हणून तुझ्याशी भांडतेय.

शहाणी

२० मार्च

दादा,

हे पत्र कसं लिहावं कळत नाही. आईनं सुई ओवली.

तुला माहीतच असेल, तुझ्या घरातच ओवली. पण मला तिनं स्वतः फोन करून सांगितलं. चष्मा न लावता, पहिल्या फटक्यात दोरा आत. मग तिनं तुझ्या निळ्या शर्टाचं बटण लावलं आणि तुला तो घालून दुकानात पाठवलं. "अगं, सकाळी मूठ मिटते! पूर्ण मिटते! दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही दाखवलं." तिची मूठ मिटून किती वर्षं झाली, दादा? तिनं काजं-बटणं करायचं सोडलं तेव्हा तुझ्या धाकट्याचा जन्मही झाला नव्हता.

मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन बसले. रडले, ते सांगायला हरकत नाही. मग डोकं चालू लागलं, कारण ते बंद करायची सोय नाही. दातांच्या डॉक्टरानं खालचेही दात काढल्यावर तिला जंतूंविरुद्धच्या गोळ्या दिल्या होत्या, वर सूज उतरायची जोरदार औषधं. नुसत्या त्यांनीही बोटं सैल पडतात. शिवाय आमवात स्वतःच कधी वर येतो, कधी खाली जातो. शिवाय एका माणसावरून काही ठरत नाही. हे सगळं मला पाठ आहे. त्या रात्री मी गाढ झोपले, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या कानावर घातलं. घालायला नको होतं. सर खुर्चीतून उठलेच. "तुमची आई! प्रत्यक्ष तुमची आई! अहो, लोकांना आकडे कळत नाहीत, आई कळते." जूनमध्ये मोठी परिषद आहे, तिथल्या भाषणात त्यांना आईच्या हातांचे फोटो दाखवायचेत. मी म्हटलं, "सर, एकच उदाहरण आहे." ते म्हणाले, "मी कुठे म्हणतो पुरावा आहे? नुसतं दाखवायचं." मी वहिनीकडून फोटो मागवले. चेहरा दिसत नाही, फक्त मिटलेली मूठ. आईला विचारलं तर म्हणाली, "चेहरापण घे की, आता तोंडात झाकायला काही राहिलंय कुठे?"

तुमच्या गल्लीतल्या दोन बायकांनी दात काढायचं ठरवलंय, असं वहिनी म्हणाली. त्यांना आवर, दादा. माझं नाव घेऊन आवर.

बाकी काय. तू बरोबर निघालास की काय, असा विचार मनात येतो. तसं असेल तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण फार नाही.

शहाणी

६ एप्रिल

दादा,

या पत्राचा फोटो वहिनीच्या फोनवर पाठवतेय. तोंडी निरोप दिला तर तू म्हणशील, "तिला काय, तिकडे बसून सांगायला." म्हणून लेखी देतेय. शेवटपर्यंत वाच.

आईला रोज संध्याकाळी बारीक ताप येतोय, हे मला आज कळलं. दोन आठवड्यांपासून येतोय म्हणे. अन्न जात नाही, कपडे सैल झाले, जिना चढताना मध्येच बसते. तुम्हाला वाटलं, दात नाहीत म्हणून खाणं कमी आणि खाणं कमी म्हणून अशक्तपणा. मलाही तसंच वाटलं असतं. पण वहिनी सहज म्हणाली, "आणि नखांखाली कुसळ गेल्यासारख्या लाल रेघा दिसतात, टाके घालताना टोचलं असेल." आई आठवडाभर सुई हातात धरत नाहीये, दादा. ते टोचलेलं नाही.

मला भीती वाटते की दात काढताना रक्तात उतरलेले जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेत. माझी भीती खोटी ठरो. खोटी ठरली तर जन्मभर मला हस.

उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलमध्ये ने. कोपऱ्यावर नको. त्यांना सांग: दात काढलेत, सांध्यांची औषधं चालू आहेत, ताप आहे, नखांत रेघा आहेत. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला रक्त घ्या म्हणावं, आणि हृदयाची सोनोग्राफी करा. रक्त घेईपर्यंत घरातली कुठलीही उरलीसुरली जंतूंची गोळी देऊ नका. आधी गोळी दिली तर जंतू लपतात आणि मग सापडत नाहीत.

मी गाडीत बसतेय. परवा पोचेन.

२२ एप्रिल

दादा,

हे टपालानं येणार नाही. तू बाकाच्या त्या टोकाला बसलायस, मी या टोकाला, आणि मध्ये वहिनीची पिशवी. आपण दोघं बोलायला लागलो की नर्स येऊन ओरडते, म्हणून वहिनी म्हणाली, "तुम्ही लिहाच एकमेकांना, तेच बरं." कागद तिनंच दिलाय.

काल तू डॉक्टरांसमोर जे बोललास ते डोक्यातून जात नाही. मी विचारलं, तू तिला तिकडे नेलंसच कसं? आणि तू भिंतीकडे बघत म्हणालास, "पेपरात तुझा फोटो होता. म्हटलं, एवढी वर्षं हिचं ऐकलं नाही, आई झिजत गेली. एकदा ऐकू या." मग म्हणालास, "विश्वास ठेवला, तीच चूक."

मी तेव्हा "मी असं म्हटलंच नव्हतं" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते खरंही आहे. पण तिथे त्याचा काही उपयोग नव्हता.

काल दुपारी मी खाली त्यांच्या तपासणीच्या खोलीत गेले होते. तिथल्या बाई ओळखीच्या निघाल्या, त्यांनी आईच्या रक्तातून वाढवलेले जंतू दाखवले. लाल बशीवर बारीक ठिपके, भोवती हिरवट कडा. मी ते बघितल्याबरोबर ओळखले. ज्या जंतूच्या मागे मी इतकी वर्षं धावले तो हा नव्हेच. हा अगदी साधा, तुझ्या-माझ्या, लहान मुलांच्या, सगळ्यांच्या दातांवर राहणारा. कुणाचं काही बिघडवत नाही. त्याला आम्ही प्रयोगशाळेत कधी लेखतसुद्धा नाही. आईची झडप लहानपणीच्या कुठल्याशा तापानं आधीच कमजोर झालेली होती, हे तिलाही माहीत नव्हतं. त्याला तिथे जागा मिळाली, तो राहिला.

आता सहीचं. तू ऑपरेशनच्या संमतीचा कागद हातात घेऊन तास झाला बसलायस. मघाशी तू वहिनीला हळूच म्हणालास, "तिला विचार, करायचं का." मला ऐकू आलं. एकदा माझं ऐकून इथवर आलोय, तरी पुन्हा मलाच विचारतोस.

माझा धंदा असा की कुणी विचारलं की मी म्हणते, सांगता येत नाही. आजही तेच खरं आहे. औषधानं जंतू मरतायत, पण झडप फाटलीय आणि फुप्फुसात पाणी भरतंय. ऑपरेशन नाही केलं तर ती या महिन्याच्या पलीकडे जाणार नाही असं मला वाटतं. केलं तर टेबलावरच जाऊ शकते. तिचं वय, तिचं वजन, सगळं विरुद्ध आहे. मी दोन्हीकडचं सगळं वाचलंय. पण तू मला वाचलेलं विचारत नाहीयेस.

सही कर, दादा. मी सांगते म्हणून कर. काही झालं तर माझ्यावर घाल, सगळ्यांना सांग. या वेळी मथळाही माझाच आहे.

पिशवीवर ठेवते. पेन आत आहे.

२ जुलै

दादा,

तुझं पार्सल काल मिळालं. पाकिटावर माझं पूर्ण नाव तुझ्या अक्षरात, पदवीसकट. पदवीचं स्पेलिंग चुकलंय, पण मी कुणाला सांगणार नाही.

आई घरी आहे, जिना दोन दमांत चढते, वहिनी रोज कळवते. सकाळी मूठ मिटत नाही, तेही कळवलं. बोटं होती तशीच झाली. मला ते अपेक्षित होतं.

परिषद झाली. सरांनी आईच्या मुठीचा फोटो काढून टाकला. ऑपरेशनचं कळल्यावर भाषणात त्या जागी एक आलेख आला, बस्स. मी म्हटलं, "सर, फोटो दाखवणार होतो ना, मग पुढचंही दाखवू. दात काढले, बोटं सुटली, मग झडप गेली. सगळं." ते म्हणाले, "त्यानं लोकांचा गोंधळ होईल." मी ते लिहून एका मासिकाला पाठवलंय. त्यावर त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. माझं एकटीचं आहे. पुढच्या वर्षी मला त्या कामावर ठेवतील असं वाटत नाही. तुमच्या गल्लीतल्या त्या दोघींनी दात काढले नाहीत, हे वहिनीनं सांगितलं तेव्हा मात्र बरं वाटलं. तू दुकान सोडून त्यांच्या घरी गेला होतास, असंही कळलं.

आता पार्सलचं. वर तुझी चिठ्ठी: 'आईनं जपून ठेवले होते. म्हणते तुझ्या कामाला येतील. नमुना म्हणून.' मग खोडलेलं एक वाक्य. मग, 'खराबच होते ना सगळे?'

ते खोडलेलं मी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही.

आत गोल डबी, डबीत कापड. कापडाला चारही बाजूंनी हातशिलाई आहे. ती त्या मार्चमधल्या दिवसांतली असणार, नाहीतर एवढे बारीक टाके तिला कधी जमले असते? आणि कापडात तिचे दात. धुतलेले, पुसलेले.

आधी मी ठरवलं, होय म्हणून कळवायचं. खराब होते, काढले ते बरंच झालं. एवढं लिहिलं असतं तर तुला एक रात्र तरी शांत झोप लागली असती. पाकीटसुद्धा तयार केलं होतं. मग मी दात भिंगाखाली धरले. धरायला नको होते, पण मला दुसरं काही येत नाही.

नाही, दादा. सगळे खराब नव्हते. मागच्या दाढांच्या मुळांवर कीटण होतं, त्या आज ना उद्या गेल्याच असत्या. बाकीचे चांगले होते. पुढचे तर अगदी चांगले. त्या वयाच्या बाईचे इतके चांगले दात मी कामातसुद्धा फार पाहिलेले नाहीत.

हे तुला लिहितेय कारण तू विचारलंस. दुसरं कुणी विचारलं नसतं. तू तिला नेलंस, आणि तुझ्या हातात कात्रण माझं होतं. यात कुणाचं किती, ते मला मोजता येत नाही आणि तूही मोजत बसू नकोस. पण हे एकट्यानं उशाशी घेऊन झोपू नकोस. निम्मं इकडे आहे.

आईला मी सांगेन, उपयोग होतोय. हे खोटंही नाही. मुळांवरच्या कीटणात जंतू वर्षानुवर्षं टिकतात, कधी कुणी ते तपासू शकेल. मी तपासणार नाही. मी डबी घरी आणलीय.

कवळीसाठी माप घ्यायला नेणार आहेस असं वहिनी म्हणाली. ने. कोपऱ्यावरच्यांकडेच ने. हिरड्यांना कुठे काही कापायचं म्हणाले, तर आधी औषध घ्यावं लागेल, आईला नवी झडप आहे म्हणून त्यांना सांग. विसरशील, म्हणून मी येतेच. शनिवारी सकाळच्या गाडीनं. आईच्या एका बाजूला तू बस, दुसऱ्या बाजूला मी बसते, आणि डॉक्टर काय म्हणतात ते दोघं मिळून ऐकू.

तुझी,
शहाणी